सावलीतला मोर

भर एप्रिलात, दुपारी बाराच्या सुमाराला, पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून, रस्त्याची सावलीची बाजू धरून कोणी भिंतीला घासत चाललेला दिसला, तर त्याला विमा एजंट समजू नका. त्याच्या हातावर रंगीत टॅटू आहे.

तुमच्याकडेही असा एखादा असेलच. आमच्या सोसायटीतल्याला आम्ही ‘मोर’ म्हणतो. त्याच्या डाव्या हातावर दंडापासून मनगटापर्यंत निळा, हिरवा, जांभळा, पिवळा असा मोर आहे, असं ऐकिवात आहे. ऐकिवात अशासाठी, की तो प्रत्यक्ष पाहिलेली माणसं फार थोडी. ‘दाखव की’ म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं : “इथे ऊन आहे.”

हा एसटीने कोल्हापूरला निघाला की उजवीकडचीच सीट धरतो. सकाळी पुण्याहून दक्षिणेला जाताना ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी परतताना गाडीचं तोंड उत्तरेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडूनच. “जाताना उजवी, येतानाही उजवी. विसरायची भीतीच नाही, काका.” एवढं ग्रहगणित मुलीच्या पत्रिकेसाठीही कोणी करत नसेल. एकदा त्या बाजूची शेवटची सीट एका आजोबांनी धरली होती. यानं त्यांना खरं कारण सांगून सीट बदलून मागितली. आजोबा तयार झाले, पण म्हणाले, आधी तो मोर तरी बघू दे. हा म्हणाला, “इथे ऊन आहे.” आजोबा खेड-शिवापूरपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघत होते म्हणे.

ढगाळ दिवशी तरी पिसारा बाहेर येईल, अशी आम्हाला आशा होती. पण अतिनील किरण ढगांतूनही येतात. बंद खिडकीजवळ बसवावं, तर त्यातले काही काचेतूनही येतात. मग उरली रात्र. रात्री तो मॉइश्चरायझर लावून झोपतो.

रंग उडतो तरी कसा, असं मी एकदा सहज विचारलं आणि जेवण थंड झालं. शाई कातडीच्या वरच्या थरात नसतेच. तो थर महिन्याभरात झडून नवा येतो, शाई तिथे असती तर टॅटूही महिन्याचाच झाला असता. सुई एक-दोन मिलिमीटर खाली जाते. तिथे शरीराला वाटतं, हा परका कचरा आला कुठून? मग महाभक्षी पेशी धावत येतात, शाई गिळतात, पण ती त्यांना पचत नाही. गिळून तशाच बसून राहतात. आपण ज्याला टॅटू म्हणतो तो म्हणजे या बसून राहिलेल्या पेशी. २०१८ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून दाखवलं, की अशी पेशी मेली की शाई मोकळी होते आणि दुसरी ती गिळते. थोडक्यात, वडिलोपार्जित जमीन : एक गेला की सातबारावर पुढच्याचं नाव. अधूनमधून काही कण मात्र वारसांना चुकवून लसिकेबरोबर निघून जातात.

“आणि ऊन?” मी विचारलं. घरात ट्यूबलाइट होती, तरी त्याने दचकून खिडकीकडे पाहिलं. उन्हातले अतिनील किरण रंगाचे रेणूच तोडतात. पिवळा, नारिंगी आणि फिके रंग आधी जातात. काळा सगळ्यात चिवट, कारण तो कार्बन, म्हणजे काजळीच. आजीच्या हातावरचं गोंदण शेतातल्या उन्हात आयुष्य काढूनही राहिलं ते त्यामुळेच. पसरतं, निळसर-हिरवट दिसतं, पण जात नाही. शिवाय आपला सावळेपणा शाईच्या वरच्या थरात असतो, म्हणून पिवळा आपल्याकडे मुळातच मंद दिसतो. त्यात ऊन लागून कातडी रापली, की पिवळा संपलाच.

तेव्हा एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी. त्यासाठी मोबाइलमध्ये गजर. शेजारच्या अण्णांच्या तेराव्याला ऐन पंगतीत तो वाजला. एका काकूंनी कनवाळूपणे पाण्याचा पेला पुढे केला, “आधी गोळी घे हो बाळा.” हा उठला, कोपऱ्यात जाऊन बाही वर करून दंड चोळून आला. वीतभर मोर मला त्या दिवशी दिसला. काकूंना अजून वाटतं, त्याला सांधेदुखी आहे.

टॅटू नवा होता तेव्हाचा महिना तर विचारू नका. खपली ओढायची नाही, खाजवायचं नाही, पोहायचं नाही, ऊन नाही आणि ओल्या जखमेवर सनस्क्रीनही नाही. त्यातच गणपती आले. ढोलपथकात हा पहिल्या रांगेतला. त्या वर्षी तो चौकातल्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहून नुसता टाळ्या वाजवत होता. महिना केव्हाच सरला होता, तरी दिवाळीत बहिणीने उटण्याची वाटी आणली, तेव्हा डावा हात मोरीच्या दाराबाहेर काढून याने अभ्यंगस्नान केलं.

इतका पैसा, इतक्या यातना, आणि बघणार कोण? मी हे त्याला एकदा चांगलं खडसावून विचारलं. तो नेहमीचं वाक्य बोलला नाही. आत गेला, कपाटातून मलमलमध्ये गुंडाळलेली पैठणी घेऊन आला. त्याच्या आईची. वहिनी तशा लवकरच गेल्या. पैठणी त्यांनी मोजक्या लग्नांना नेसली; बाकी वेळ ती कपाटात, ऊन नको, वारा नको, अत्तर नको. त्याने पदर उलगडला. बांगडीच्या वर्तुळात मोर, तोच. आणि जिथे वर्षानुवर्षं एकच घडी राहिली होती, तिथे रेशीम रेघेरेघेने चिरलं होतं.

“हिची घडी मोडायला हवी होती अधूनमधून,” तो म्हणाला. “कोणाला सुचलं नाही.” मग बाही कोपराच्या वर सरकवून त्याने हात पदराशेजारी धरला. रंग जुळत होते. पिवळा जरा बसला होता, ते मी बोललो नाही.

त्या दिवसापासून मी त्याला चिडवणं कमी केलंय. बंद केलेलं नाही. कारण हा मुलगा नव्या फॅशनचा नाहीच. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, पाहुण्यांच्या कपबश्या काचेच्या कपाटात, नवी गाडी आणली की वर्षभर सीटवरचं कव्हर तसंच, या आपल्या थोर परंपरेतला हा शेवटचा पाईक. आपण वस्तू जपतो म्हणजे वापरत नाही. यानं ते थेट कातडीवर आणलं, एवढंच.

परवा आला होता. सोफ्यावर बसला तसं खालचं प्लॅस्टिक करकरलं. “काका, आठ वर्षं झाली, काढा की हे आता.”

मी म्हटलं, खिडकी पश्चिमेची आहे, कापडाचा रंग उडतो.

तो हसेल असं वाटलं होतं. तो गंभीरपणे उठला, पडदा बाजूला करून काच ठोकून पाहिली आणि म्हणाला, “प्लॅस्टिकने काही होत नाही, काचेला यूव्ही फिल्म लावून घ्या.” मग रात्री दहापर्यंत आम्ही फिल्मचे दर बघत बसलो.