ही बातमी नाही, हवामान आहे

परवा सकाळी सहालाच शेजारच्या आक्का फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात दुधाची किटली, चेहऱ्यावर ग्रामसभा.

"गुरुजी, बंधाऱ्यावर मासं मेल्यात. चिलापी, मरळ, वाम, समदं उलटं होऊन तरंगाय लागलंय. पाण्याला हा एवढा फेस. म्हशीनं तोंड फिरवलं बघा. तुमच्या रेडिओवर सांगा की."

तुमच्या रेडिओवर, म्हणजे आमच्या तालुक्याच्या सामुदायिक रेडिओवर. त्याच्या सल्लागार समितीत मी आहे. या समितीत गावातली माणसं लागतात. मी गावातला, निवृत्त आणि सभेला वेळेवर येणारा, शिवाय माझ्याकडे चार जादा खुर्च्या आहेत.

"आक्का, ते रेडिओवर सांगता येणार नाही."

"का? लाइट न्हाई?"

"लाइट आहे. पण ती बातमी आहे."

म्हशीने नदीकडे ज्या नजरेने पाहिलं असेल, त्याच नजरेने आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांचा दोष नाही. नियम वाचला तेव्हा मीही तसाच पाहत राहिलो होतो. सामुदायिक रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडी वर्ज्य. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं किंवा गावच्या बोलीत भाषांतर करून ऐकवावं. दिल्लीत कोण कोणाला भेटलं हे आमचा रेडिओ सांगू शकतो, बंधाऱ्यावर कोण मेलं हे नाही. पण सरकार इतकंही निष्ठुर नाही. कशाला बातमी धरलं जाणार नाही याची यादी त्याने आपणहून दिली आहे. खेळांची माहिती चालेल, मात्र थेट प्रक्षेपण नको. रहदारी, हवामान, सण-उत्सव चालतील. परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी चालतील. वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे अशा जाहीर सूचनाही चालतील. या शेवटच्या कलमाला एक शेपूट आहे: स्थानिक प्रशासनाने दिल्याप्रमाणे.

उद्या नळाला पाणी येणार नाही असं प्रशासनाने कळवलं, तर ती सूचना. काल पाणी आलंच नाही असं आक्कांनी कळवलं, तर ती बातमी. नळ एकच.

या रेडिओची ताकद किती, तर प्रक्षेपण शंभर वॅटचं. आमच्या लहानपणी ओसरीवर पिवळा दिवा लागायचा तोही शंभर वॅटचाच, आणि त्याच्या उजेडात शेजाऱ्याचा गोठासुद्धा धड दिसत नसे. मनोरा जमिनीपासून तीस मीटरपर्यंत, म्हणजे चांगल्या वाढलेल्या माडाएवढा. आवाज जातो दहा-बारा किलोमीटर, मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. एवढ्या आवाजात मेलेल्या माशांचा उल्लेख झाला तर राष्ट्राच्या सुरक्षेचं काय होईल, याची काळजी घेणारी माणसं दिल्लीत आहेत. आमच्या गल्लीतला एक पोरगा मात्र मोबाइल आणि लवदार मुठीचा माईक घेऊन त्याच सकाळी बंधाऱ्यावर पोचला आणि माशांकडे पाठ करून अकरा मिनिटं बोलला. त्यातली नऊ 'चॅनेलला सबस्क्राइब करा' यावर गेली, तरी उरलेल्या दोन मिनिटांत त्याने कारखान्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. त्याला ना परवाना, ना संहिता, ना समिती. वर्तमानपत्रांनीही दुसऱ्या दिवशी 'नदीपात्रात मृत माशांचा खच' छापलं. दूरचित्रवाणीवर तर माशांच्या बाजूने एक आणि माशांच्या विरुद्ध एक प्रवक्ता भांडू शकला असता. गप्प बसायचं फक्त रेडिओने. आणि धार काढताना, पाणी पाजताना, भाकरी थापताना गावात चालू असतो तोच.

तसा या हवेवर हक्क आपलाच आहे बरं का. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. भांडण होतं क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे याचं, आणि त्यात सातबारा जनतेच्या नावावर निघाला! पण सातबाऱ्यावर नाव असणं आणि बांधावर पाय ठेवायला मिळणं यांत किती पिढ्यांचं अंतर असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना वहिवाट मिळाली. 2006 मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांचा नंबर लागला. आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे, बारामतीची वसुंधरा वाहिनी आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. तेलंगणात माचनूरला संघम रेडिओ 2008 पासून दलित बायका चालवतात. यांनी बियाण्यांपासून बाळंतपणापर्यंत किती गोष्टी लोकांच्या बोलीत लोकांपर्यंत नेल्या, हे मी थट्टेत काढणार नाही. नांगरट, पेरणी, राखण सगळं यांनी करायचं, फक्त या रानात बातमीचं पीक घ्यायचं नाही. इतर हक्कात तशी नोंद आहे.

जाहिरातीचं पीक घ्या की! पूर्वी तासाला पाच मिनिटं होती, मग सात झाली, 2024 पासून बारा झाली. तासातली बारा मिनिटं खताच्या पोत्याची स्तुती करता येते. ते पोतं दुकानात का मिळत नाही हे सांगायला शून्य मिनिटं. खासगी एफएमवाल्यांना तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या, अशी शिफारस दूरसंचार नियामकांनी 2023 मध्ये केली होती. शिफारशीची प्रकृती उत्तम असून ती विश्रांती घेत आहे.

मग बातमी द्यायची कोणी? आकाशवाणीने. आमची पिढी त्याच आवाजावर वाढली. सुधा नरवणे पुण्याहून प्रादेशिक बातम्या द्यायच्या, तेव्हा आमचे वडील दाढी अर्धी सोडून थांबत. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी तर घरचेच. बातम्या ऐकायला घरात पोस्टाचा परवाना लागायचा आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागायचे. तेव्हा ऐकायला परवाना होता, आता बोलायला आहे. प्रगतीच म्हणायची. त्याच पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग जून 2023 मध्ये उचलून छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ठरलं. ओरड झाली, मग स्थगिती आली. रेडिओच्या बातम्यांची ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली.

असो. मासे वाट बघत होते, आणि मार्चच्या उन्हात ते फार वेळ वाट बघत नाहीत. मी समितीची तातडीची सभा बोलावली.

सभेला निवृत्त ग्रामसेवक भाऊसाहेब आले. त्यांना नियम तोंडपाठ आहेत आणि बोलताना ते माणसालाही 'सदर' म्हणतात. बुवा आले. निवेदिका होती, वय तेवीस, सगळ्या केंद्राचा पगार एकटी घेते आणि तरी तो पुरत नाही. आक्का न बोलावता आल्या आणि माझ्याच खुर्चीवर बसल्या.

"हवामानात घालू," निवेदिका म्हणाली. "नदीकाठच्या पट्ट्यात हवेत दुर्गंधी, वारा मंद, फेसाची शक्यता."

"हवामान आकाशातनं येतं," भाऊसाहेब म्हणाले. "सदर वास कारखान्याच्या बाजूनं येतो."

"मग रहदारी. पात्रात माशांची कोंडी."

"पर्यायी मार्ग कोणता सांगणार?"

"खेळ! बंधाऱ्यावर सामना, मासे सर्वबाद."

"थेट प्रक्षेपणाला बंदी आहे."

"थेट कशाला भाऊसाहेब, निकालच लागलाय."

बुवा इतका वेळ टाळ नसल्याने अस्वस्थ होते. ते म्हणाले, आपण संस्कृतीच्या दाराने जाऊ. संस्कृतीला बंदी नाही. कीर्तन लावतो. पूर्वरंगात मत्स्यावतार आणि उत्तररंगात बंधारा. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. मत्स्यावताराला त्यांची हरकत नव्हती, ती घटना जुनी आहे. पण उत्तररंगात चालू घडामोडी येतील. तेव्हा बुवांनी फक्त पूर्वरंग करावा. पूर्वरंगावर थांबणारं कीर्तन म्हणजे अक्षता टाकून जेवण न घातलेलं लग्न, असं बुवा म्हणाले आणि बिडी ओढायला बाहेर गेले.

राहता राहिलं पर्यावरण. त्याला तर उत्तेजनच आहे. गेल्या 5 जूनला आम्ही पर्यावरण दिनाचा विशेष कार्यक्रम केला होता. मान्यवरांच्या हस्ते शाळेत वृक्षारोपण झालं. खड्डा आदल्या वर्षीचाच होता, रोप नवं, हात नवा. निवेदिका म्हणाली, 'आपले जलचर' असं भाषण ठेवू. कॉलेजातले प्राध्यापक येऊन सांगतील की मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. मळीसारखं सेंद्रिय द्रव्य पाण्यात पडलं की ते कुजवणारे जिवाणू बेसुमार वाढतात आणि तो प्राणवायू आधी तेच पिऊन टाकतात. उन्हाळ्यात धार आटलेली, बंधाऱ्याला बरगे घातलेले, पाणी जागच्या जागी, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी. मग मासा पाण्यातच गुदमरतो.

"छान," भाऊसाहेब म्हणाले. "फक्त नदीचं नाव नको, बंधाऱ्याचं नको, कारखान्याचं नको, आणि कालचं नको."

"पण निम्मे कार्यक्रम स्थानिक पाहिजेत ना, नियमाप्रमाणे?"

"प्राध्यापक स्थानिक आहेत."

शिवाय संहिता आहेच. आकाशवाणीच्या संहितेचं पहिलं कलम मित्रराष्ट्रांवर टीका करू नये असं आहे. ते आम्हालाही लागू. शेजारच्या गावाशी आमचं पाटाच्या पाण्यावरून तीस वर्षं वाकडं आहे. ते मित्रराष्ट्र धरायचं की कसं, यावर समितीत पूर्वी दोन बैठका झाल्या आणि निर्णय राखून ठेवला आहे. कारखाना मात्र नि:संशय मित्रराष्ट्र. जत्रेचा मांडव, शाळेचे पत्रे आणि आमच्या केंद्राचा पंखा त्यांचाच.

शेवटी मी आणि निवेदिका प्रशासनाकडे गेलो. म्हटलं, तुम्हीच सूचना द्या, आम्ही ती शब्दशः वाचतो. साहेब दौऱ्यावर होते. कारकून सज्जन होता, त्याने चहा मागवला. म्हणाला, पाण्याचे नमुने बाटल्यांतून गेलेत. अहवाल आला की मासे मेले की नाही ते अधिकृतपणे कळेल.

"ते उलटे तरंगताहेत," निवेदिका म्हणाली.

"ते प्रथमदर्शनी," कारकून म्हणाला.

परत आलो तर आक्का स्टुडिओत. सकाळी साडेनऊला 'आजचा सैपाक' असतो, त्यात दर मंगळवारी बचत गटाची एक बाई येते. मंगळवार नव्हता. पण आक्कांनी माईक जवळ ओढला होता आणि निवेदिकेने मला विचारल्यासारखं करून बटण दाबलं.

"बायांनो, आज मासं करू नगा. नदीचं तर नगाच. कुणी सस्त्यात द्यायला आलं तर डोळं बघा माशाचं, पांढरं असत्याल. मांजराला घालू नगा, कोंबड्यांस्नी टाकू नगा. जनावरं बंधाऱ्यावर नेऊ नगा, हिरीवर पाजा. का म्हणून इचारू नगा, मला सैपाकाचंच बोलाय सांगितलंय. उद्याबी मासं करू नगा. मी परत येऊन सांगस्तोवर करू नगा. आता पिठलं. पिठल्याला काय, तुमास्नी येतंय."

मग भजन लागलं.

त्या दिवशी सगळ्या तालुक्यात पिठलं झालं. बाजारात मासेवाल्या पाट्या रिकाम्या ठेवूनच बसल्या, त्यांनीही ऐकलं होतं. बुवा म्हणाले, हा उत्तररंग.

चौथ्या दिवशी एका कार्यालयातून फोन आला. सदर पाककृतीत साहित्य आणि प्रमाण नमूद नाही, कृतीही दिलेली नाही. तेव्हा ती पाककृती कशी, याचा लेखी खुलासा करावा, आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. ते तीन महिने जपायचंच असतं, आम्ही जपलं आहे. खुलासा भाऊसाहेबांनी लिहिला. इतका सुंदर खुलासा मी त्यांच्या नोकरीतही पाहिला नव्हता. साहित्य: बेसन एक वाटी, पाणी (विहिरीचे) तीन वाट्या, मीठ चवीनुसार. मासे: निरंक.

त्याला अजून उत्तर आलेलं नाही. दुसरं एक पत्र मात्र आलं आहे, नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावाहून, वहीच्या कागदावर. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की तुमचं केंद्र पुलापर्यंत ऐकू येतं, पुढे नुसती खरखर. त्या दिवशी बाई काहीतरी पिठल्याचं सांगत होती, ते अर्धंच कळलं. पूर्ण कृती कळवावी. मासे मात्र सगळे पोचले.