वळसंग ते शिकागो, मार्गे रुमाल

अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे. अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात, म्हणून लॉटरी काढतात. त्यात माझा नंबर लागला, ही बातमी आमच्या घरातून निघून वळसंगच्या एसटी थांब्यावर पोचेपर्यंत तिच्यातला व्हिसा वाटेत गळून पडला आणि नुसती लॉटरी उरली. संध्याकाळपर्यंत तिघे जण घरी येऊन गेले. एकाला बोअर मारायची होती, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. तिसरे शेजारचे अप्पा. त्यांना काही नको होतं, फक्त आकडा पाहिजे होता.

"किती लागली बे?"

पैसे मिळत नाहीत, उलट तिकडं जाऊन नोकरी करावी लागते, असं सांगितल्यावर अप्पांचा लॉटरी या गोष्टीवरचाच विश्वास उडाला.

तसं आमच्या गावाला अमेरिकेचं फार अप्रूप नाही. गावात बाबासाहेबांच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर आहे, आणि बाबासाहेब १९१३ सालीच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. "ते तिकडनं काय काय शिकून आले. तू काय करणार तिथं?" अप्पांनी विचारलं. मी म्हणालो, "सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणार." अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढा मोठेपणा हल्ली दुर्मीळ आहे.

तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा न्यायला परवानगी होती. शेंगाचटणी, कडक भाकरीची चळत, काळा मसाला आणि दोन सोलापुरी चादरी एवढं भरल्यावर कपड्यांना जागा राहिली नाही. "कपडे काय, तिकडं पण मिळतात की," आई म्हणाली. उरल्यासुरल्या फटीत मावशीनं मला न विचारता परसातल्या कढीपत्त्याचे डहाळे कोंबले.

ओहेअर विमानतळावर सामान हुंगायला बीगल जातीची कुत्री असतात. ती भुंकत नाहीत, चावत नाहीत. वास लागला की बॅगेशेजारी गुपचूप बसतात. वळसंगला वाढलेल्या माणसाला कुत्रं बसलेलं दिसलं की हायसंच वाटतं. मी त्याला चुचकारलं. मग त्याचा साहेब आला.

चटणीची पिशवी त्यानं वर-खाली करून पाहिली आणि परत ठेवली. भाकरी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. हे खायचं असतं यावर त्याचा विश्वास बसावा म्हणून मी एक मोडून दाखवली. आवाजानं शेजारच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले. भाकरी सुटली, कढीपत्ता मात्र गेला. ताज्या कढीपत्त्यावरून एक बारीक कीड येते आणि तिच्यामुळे संत्र्या-लिंबांच्या बागा रोगानं बसतात, म्हणून तो न्यायला बंदी आहे. हे कारण मी मावशीला फोनवर नीट समजावलं.

"एवढा मोठा देश," मावशी म्हणाली, "आन् कढीपत्त्याला भ्याला?"

नोकरीविषयी सांगण्यासारखं काही नाही. चुका होत्या, मी शोधत होतो.

थंडीविषयी मात्र आहे. मी मे महिन्यात ४३ अंशांत क्रिकेट खेळलेला माणूस. शिकागोत ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे ३१ सेल्सियसपर्यंत उतरला होता, हे मला तिथं गेल्यावर, ऑक्टोबरात, परतीचे दोर कापले गेल्यावर सांगण्यात आलं. थंडी फार वाढली की तिथल्या लोकल रेल्वेच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून शेजारी गॅसच्या ज्वाळा पेटवतात. आगीतून गाडी जाते आणि प्रवासी आत पेपर वाचतात. मी व्हिडिओ गावाकडं पाठवला. "तिकडं पण आंदोलन लागलंय व्हय?" अप्पांनी विचारलं.

पण शिकागो मला आपलं वाटलं ते जानेवारीतल्या मोठ्या बर्फानंतर. सकाळी खाली उतरलो तर रस्त्याच्या कडेनं जुन्या खुर्च्या मांडलेल्या. एक इस्त्रीचं टेबल. एके ठिकाणी दोन बादल्यांवर आडवी फळी. मला वाटलं वॉर्डाची सभा आहे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी खुलासा केला: ज्यानं फावड्यानं बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली, जागा त्याची. कामाला जाताना तिथं खुर्ची ठेवायची. कायद्यात हे बसत नाही, महापालिका अधूनमधून खुर्च्या उचलून नेते, पण दुसऱ्याची खुर्ची सारून गाडी लावायची छाती कुणाची होत नाही. १९६७ च्या जानेवारीत २३ इंच बर्फ पडून बसगाड्यासुद्धा जागच्या जागी रुतल्या होत्या, तेव्हापासूनची ही वहिवाट, असं म्हणतात.

आजोबा हे मला नवलाई म्हणून सांगत होते. त्यांना काय ठाऊक, मी सोलापूर स्टँडवर अक्कलकोट गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून मोठा झालो. रुमाल, टोपी, वहीचं पान, प्रसंगी धाकटा भाऊ, काहीही चालतं. कंडक्टर मानत नाही, महामंडळाच्या नियमात नाही, तरी रुमालावर बसलेल्या माणसाला अख्खी गाडी वळसंग येईपर्यंत घालूनपाडून बोलते. फरक एवढाच, की आमच्याकडं जागेसाठी आधी बर्फ उपसावा लागत नाही.

तो मी दोन तास उपसला. जागा झाली, पण भाड्याच्या खोलीत माझ्याकडं खुर्ची एकच, तीही घरमालकाची. शेवटी बादली पालथी घातली आणि वर सोलापुरी चादर पसरली. लाल-हिरवी, मोरांची.

संध्याकाळी परत आलो तर जागा शाबूत होती. चादर थिजून ताठ झाली होती. बादली काढून घेतली तरी तशीच उभी राहिली. पुढच्या दोन दिवसांत माझ्या जागेकडं कुणी फिरकलं नाही, पण चादरीचे फोटो बऱ्याच जणांनी काढले. तिसऱ्या दिवशी आजोबांनी दार वाजवलं. असली एक त्यांना मिळेल का? डबल बेडची.

सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला. आईला फोन लावला, तिथं पहाट होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आणते की. पण अंगावर घ्यायची का रस्त्यावर टाकायची, ते विचार आधी. रस्त्यावर टाकायची असंल तर हलकीतली घेते."