व्हायनी, बॉसी आणि शेजारचे नाना

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांतली माणसं फार सज्जन असतात. सकाळी बागेत फिरायला जातात, आंधळ्याला रस्ता ओलांडून देतात आणि ताप आला की हेडमास्तरांना नम्रपणे रजेचा अर्ज लिहितात. गडग्यावरून त्यांची शेजाऱ्याशी कधी वाजत नाही, की कुणाच्या फणसावर त्यांचा डोळा नसतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. (पहिलीपासून आलं ते २००० साली, तोवर माझी शाळाच काय, माझ्या मुलाचीही निम्मी उरकली होती.) घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती आणि वडिलांनी ती माझ्याकडून घोटून घेतली होती. त्यामुळे रजेचा अर्ज मी आजही झोपेत लिहीन. पण एखादा माणूस डोक्यात जातोय हे इंग्रजीत सांगायचं म्हटलं, तर 'ही इज अ बॅड बॉय' याच्यापलीकडे माझ्याकडे भांडवल नव्हतं.

ते आता जमलंय, आणि जमलंय कार्टूनमधल्या वात आणणाऱ्या पात्रांच्या कृपेने.

मुलगा टोरांटोला असतो. नातवाला मराठी कळतं, पण तो बोलतो इंग्रजीच, तेही गाडी सुटल्यासारखं. सून म्हणाली, "आई, तो बघतो ती कार्टून तुम्हीही बघा, कानाला सवय होईल." म्हणून सुरुवात 'कायू'पासून. हा कायू तिथलाच, कॅनडाचा, १९९७ साली टीव्हीवर आला. वय वर्षं चार आणि डोकं तुळतुळीत. "मुंज लवकर उरकलीनी वाटतं," हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. खरी गोष्ट अशी, की मूळच्या फ्रेंच पुस्तकांत तो तान्हं बाळ होता. पुढे मोठा झाला, पण केस दिले तर पोरं ओळखणार नाहीत म्हणून प्रकाशकांनी त्याला तसाच ठेवला.

हा मुलगा दिवसभर किरकिरतो. खेळणं दिलं नाही म्हणून किरकिर, धाकट्या बहिणीला दिलं म्हणून किरकिर. आईवडील आवाज न चढवता समजूत घालतात. मला तर पोरापेक्षा तेच जास्त डोक्यात जातात. आमच्याकडे पहिल्या भोकाडालाच सुनावणी संपली असती. सुरुवातीच्या भागांत गोष्ट सांगणारी बाई म्हणजे त्याची आजी. तिचं इंग्रजी स्वच्छ, सावकाश, माझ्यासारखीला अगदी सोयीचं. पण आजीच ती! नातवाला नाव म्हणून ठेवत नाही. शब्द मिळणार कुठून?

ते मिळाले यूट्यूबने आपणहून खाली लावून दिलेल्या व्हिडिओत. कार्टूनमधली सगळ्यात वैताग आणणारी दहा पात्रं, उतरत्या क्रमाने. अशा व्हिडिओंचा तिकडे मोठाच धंदा दिसतो. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, पण कुणीतरी तरुण पोरगा जिवाच्या आकांताने बोलत असतो. माणूस मनापासून चिडला की उच्चार कसे खणखणीत होतात! शिवाय एवढ्याने समाधान होत नाही म्हणून तोच राग तो चार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा काढतो. शिकणाऱ्याला आणखी काय हवं? 'व्हायनी' म्हणाला की लगेच कायू जमिनीवर लोळण घेताना दिसतो. 'बॉसी' म्हणाला की पेपा पिग कमरेवर हात ठेवून उभी. कुठल्या डिक्शनरीत शब्दाला एवढा पुरावा जोडलेला असतो?

तरी नुसतं ऐकून शब्द टिकत नव्हते. टिकायला लागले ते आळीतलं माणूस सापडल्यावर. सहकारी बँकेची एक जुनी डायरी होती, तिच्यात डाव्या बाजूला शब्द आणि उजवीकडे नाव लिहायला घेतलं. नोझी : शेजारचे नाना. बॉसी : भजनी मंडळाच्या अध्यक्षा. क्लिंगी : विम्याचे एजंट, जे पॉलिसी घेतल्यावरही येतात. स्मग : ज्यांची हापूसची पेटी दरवर्षी सगळ्यांच्या आधी वाशीला जाते ते. 'नो-इट-ऑल'ला पान पुरेना, मागे पुरवणी जोडली. 'ग्रम्पी'समोरची जागा मी कोरी ठेवली होती. ह्यांनी ती बघितली, "इथे कोण येणार?" म्हणून विचारलं, आणि माझं तोंड बघून स्वतःच चहा टाकायला उठले.

या बाबतीत रत्नागिरीकरांना उपजतच एक सोय आहे. पु. लं.नी 'अंतू बर्वा' लिहून आमची जाहिरात करून ठेवली तेव्हापासून बाहेरचे लोक इथे आंबे न्यायला येतात आणि एखादा खवचट म्हातारा बघायला मिळाला तर हवा, म्हणतात. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इथे आणून ठेवला. १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या मुली इथेच वाढल्या आणि मराठी बोलायला लागल्या. पाठमालेवाचूनच शिकल्या असणार. रत्नागिरीत राहायचं तर टोमणा कळेपुरती भाषा यावीच लागते.

'स्पंजबॉब'चा शेजारी स्क्विडवर्ड या याद्यांत कधी असतो, कधी नसतो. माझं मत विचाराल तर तो निर्दोष आहे. वैताग स्पंजबॉबचा आहे, उठल्यापासून खिदळतो. एका सकाळी मी हे बघत बसले होते आणि मिरकरवाड्याची आमची मासेवाली पायरीवर टोपली उतरून आत डोकावली. 

"वैनी, ह्यो माकुल काय?" 

नाव माकुलाचं, पण जात ऑक्टोपसाची, असं मी सांगितलं. तिने पाय मोजले. सहाच भरले. 

"ह्याचं दोन पाय कोनी खाल्लान?" 

ज्याने हे कार्टून काढलं तो स्टीफन हिलेनबर्ग आधी मुलांना समुद्रजीवशास्त्र शिकवायचा, म्हणजे त्याला पाय माहीत होते. पण आठ पाय हलवत बसण्यापेक्षा सहा सोपे, म्हणून दोन कमी केले, असं तिला समजावलं. ती टोपली उचलत म्हणाली, "मंग आमी दोन कमी दिले तर चालंल काय तुमाला?"

ही कार्टून बघून मुलं बिघडतात, असं भजनी मंडळात ठरलंय. बिघडतात का ते माहीत नाही, पण भाषा उचलतात हे खरं. पेपा पिग बघून अमेरिकेतली पोरं इंग्लंडच्या धाटणीने बोलू लागली, अशी आईबापांची तक्रार होती. बांगलादेशने २०१३ साली हिंदीतला डोरेमॉन बंद केला, कारण तिथली मुलं हिंदी बोलायला लागली. आमच्या आळीतली पोरंही भूक लागली की हिंदीत मागतात, आणि मागताना त्यातल्या नोबितासारखा रडका सूर लावतात. शिनचॅनवर आपल्याकडे २००८ साली बंदी आली होती. सरकारला धास्ती पडते ती असल्यांचीच; रजेचा अर्ज लिहिणाऱ्या मुलावर कुणी बंदी घातलेली ऐकिवात नाही.

मे महिन्यात मंडळी आली. सामान ओटीवर टेकतंय न टेकतंय तोच नाना गडग्याशी हजर. कधी निघालात, कुठे उतरलात, किती दिवस राहणार, तिकडे तांदूळ काय भावाने मिळतो. नातू माझ्या पदराला धरून हळूच म्हणाला, "आजी, व्हाय इज ही सो नोझी?"

मला पहिल्या फटक्यात कळलं! इतक्या दिवसांच्या अभ्यासाचं चीज झालं. त्या आनंदात मी त्याला 'चोंबडा' हा आपला शब्द सांगितला. त्याला त्याचा नाद एवढा आवडला, की दुपारभर तो घरात आणि पडवीत 'चोंबडा, चोंबडा' करत फिरला.

संध्याकाळी नाना पुन्हा आले. "काय रे, मराठी येतं की नाही थोडंसं?"

"चोंबडा!" नातू ठणठणीत आवाजात म्हणाला.

सून आत पळाली. हे आकाशातले ढग बघायला लागले. नानांनी मात्र त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि मान डोलावली. "'च' बरोबर लावलान हो! तिकडे वाढलेल्या पोरांना जमत नाही तो." मग माझ्या मुलाकडे वळून म्हणाले, "बरं, तिकीट कितीला पडलं?"