सन्माननीय गैरहजर सभासदांस

प्रति,
संस्थेचे सर्व सन्माननीय गैरहजर सभासद
(इमारतीत राहणारे, फ्लॅट भाड्याने देऊन बाहेर राहणारे आणि इमारतीत राहूनही न सापडणारे)

विषय : सरत्या वर्षातील प्रगतीबद्दल आपले आभार मानणेबाबत.

महोदय / महोदया,

वार्षिक अहवाल छापून प्रत्येकाच्या लेटरबॉक्समध्ये टाकला होता. गेल्या वर्षीचा अहवाल अजून तिथेच असल्याने नवा आत जायला जरा त्रास झाला. म्हणून हे पत्र लिफ्टमध्ये चिकटवत आहे. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अधूनमधून थांबते, तेव्हा ते निवांत वाचता येईल.

गेल्या रविवारी आपली वार्षिक सर्वसाधारण सभा पार पडली. कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत आणि चौदा दिवसांची नोटीस देऊन. गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद लागतात. आपल्या डोंबिवलीच्या या दोन विंगांत चाळीस बिऱ्हाडे, म्हणजे विसांनी यायचे होते. सकाळी दहा वाजता स्टिल्टमध्ये आम्ही आठजण होतो, आणि त्यांतला एक वॉचमन.

आदर्श उपविधी लिहिणाऱ्यांना आपला स्वभाव आधीच ठाऊक असावा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करायची. आपल्याकडे ती अर्ध्या तासासाठी होते, आणि नंतर भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे दहा वाजता जे बेकायदा, तेच साडेदहाला, त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांच्या साक्षीने कायदेशीर. त्या अर्ध्या तासात आम्ही चहा घेतला. मग आपणा सर्वांच्या वतीने ताळेबंद मंजूर केला, लेखापरीक्षक नेमला आणि मेंटेनन्स वाढवला. तोही एकमताने. आपण आला असता तर ‘एकमताने’ हा शब्द इतिवृत्तात लिहायची संधी हुकली असती, तेव्हा पहिले आभार त्याबद्दल.

सभा संपून खुर्च्या गोळा होईपर्यंत मेंटेनन्सवाढीची बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली आणि तिथे मात्र गणपूर्ती झाली. दोन तृतीयांश काय, पुण्याला राहणारे सी.ए. झालेले भाचेसुद्धा बोलले. ‘हा निर्णय कोणाला विचारून घेतला?’ या प्रश्नाला पंधरा अंगठे मिळाले. उत्तर साधे आहे. आपल्याला विचारून घेतला, फक्त आपण तेव्हा घरी मटार सोलत होता.

तळमजल्याच्या काकूंनी याही वर्षी लेखी विचारले आहे की, मी लिफ्ट वापरत नाही तर लिफ्टचा खर्च का देऊ? काकू, उपविधींनुसार लिफ्टचा खर्च सर्व सभासदांमध्ये समान वाटला जातो, वापरा अथवा न वापरा. वरच्या मजल्यांना लिफ्ट बंद असतानाही पैसे द्यावे लागतात, त्यामुळे व्यवहारात आपली आणि त्यांची परिस्थिती फारशी वेगळी नाही.

आता गळतीविषयी. संस्थेच्या सामाजिक जीवनाचा पाया गळती हाच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. वरच्याच्या बाथरूममधून खालच्याच्या स्वयंपाकघरात पाणी येत नसते, तर या दोन कुटुंबांची ओळखच झाली नसती. गच्चीतून झिरपणारे पाणी ही संस्थेची जबाबदारी आणि संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा, असे उपविधी सांगतात. हे कळल्यापासून प्रत्येक पाणी गच्चीतूनच येते. पहिल्या मजल्यावरचेही. ए विंगमधल्या एका घरी प्लंबर घेऊन गेलो, तर वरच्या मजल्यावरच्या काकांनी दार किलकिले करून सांगितले, ‘आमच्या इथे सगळे कोरडे आहे, खात्री करून घ्या,’ आणि दार लावून घेतले. खात्री बाहेरूनच करायची होती हे मला जरा उशिरा समजले. तो डाग अजून आहे. त्याला आता श्रीलंकेचा आकार आला असून खालच्या घरातली मुले त्यावरून भूगोल शिकतात.

गच्ची मात्र खरेच गळते, आणि तिला लागतो सिंकिंग फंड. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का आपल्या बिलात त्या नावाने येतो. ‘मी राहतोय तोवर इमारत कुठे सिंक होतेय?’ म्हणून ज्यांनी ती रक्कम वजा करून चेक दिले, त्यांचा इमारतीवरचा विश्वास पाहून मन भरून आले. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज आकारता येते. या दराने ठेव घेणारी एखादी बँक सापडली तर कृपया समितीला कळवा, आम्हीही थकबाकीदार व्हायला तयार आहोत.

पार्किंगबद्दल थोडक्यात. स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले. त्यामुळे ज्यांच्याकडे बिल्डरची पार्किंगची पावती आहे त्यांनी ती जपून ठेवावी, हस्ताक्षर फार सुरेख आहे. वर्षभरात एका वेगळ्या सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा प्रस्तावही आला होता. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी गृहसंस्थांना केंद्राच्या योजनेतून किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. पापड वाळवायला जागा उरणार नाही या मुद्द्यावर तो फेटाळला गेला. हा निर्णय मात्र भरगच्च उपस्थितीत झाला, हे नमूद करायला हवे.

गणेशोत्सव उत्साहात झाला. महाप्रसादाला केटररने शंभर पाने धरली होती, ती कमी पडली. सभेला न दिसणारे चेहरे पंगतीत पाहून आम्हांला भरून आले, आणि कित्येकांचे फ्लॅट क्रमांक त्या दिवशी प्रथमच कळले. हौजी, हळदीकुंकू, लहान मुलांची चित्रकला हे सगळे झाले. हिशेबात मात्र वेगळे खाते उघडावे लागले, कारण केटररचे बिल ‘आकस्मिक खर्चात’ बसेना.

आणि आता कन्व्हेयन्स. आपण घरे घेतली, हप्ते फेडले, भिंती पाडल्या, ग्रिल बाहेर काढले, पण इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. १९६३ च्या मोफा कायद्यानुसार आणि त्याखालच्या नियमांनुसार संस्था नोंदली गेल्यापासून चार महिन्यांत त्याने ती आपल्या नावे करून द्यायची होती. आपला बिल्डर त्या चार महिन्यांत दुसरीकडे एक टॉवर बांधत होता आणि पुढे आणखी दुसरीकडे. अशांसाठी शासनाने मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली: बिल्डरने सही केली नाही तरी जिल्हा उपनिबंधक प्रमाणपत्र देऊ शकतात. त्यासाठी आपल्या करारनाम्याची प्रत आणि त्याच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, एवढेच मागितले होते. झेरॉक्सचे पैसे संस्था देणार होती. नोटीस बोर्डावर लावली, ग्रुपवर टाकली, दूधवाल्यामार्फत निरोप दिले. कोणाचे कागद बँकेत, कोणाचे सासरी, कोणाचे ‘माळ्यावर असतील, दिवाळीत बघतो’. दिवाळ्या येत गेल्या. माळे स्वच्छ झाले. कागद आले नाहीत.

मग एका रविवारी ग्रुपवर कोणी तरी ‘रिडेव्हलपमेंट’ हा एकच शब्द लिहिला. काय सांगू! अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आले. वर्षानुवर्षे बंद असलेल्या फ्लॅटच्या वारसांत वाद सुरू झाले. जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडे किती, मॉड्युलर किचन मिळणार का, अशी विचारणा झाली. एकाने तर नव्या इमारतीत कोणत्या मजल्यावर कोण हेही ठरवून टाकले आणि स्वतःला सर्वांत वर ठेवले, गच्चीखाली. जमीनच आपल्या नावावर नसल्याने पुनर्विकासाच्या चर्चेची सुरुवात पुन्हा इंडेक्स टूपासून करावी लागेल, असे मी नम्रपणे सुचवताच ग्रुपवर शांतता पसरली आणि मग कोणी तरी सुप्रभातचे फूल टाकले.

आणखी एक अडचण कळवतो. पुनर्विकासाच्या सभेत आपली अर्ध्या तासाची युक्ती चालत नाही. २०१९ च्या शासन निर्णयानुसार तिथे दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि सभेचे चित्रीकरणही होते. म्हणजे सत्तावीस माणसे खरीखुरी बसलेली दिसायला हवीत. चहावर भागणार नाही. मिसळ मागवावी लागेल.

सभेला माणसे जमवण्याचा विषय निघाला की मला एक जुनी संस्था आठवते. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ मध्ये नोंदली गेली. देशातल्या पहिल्यांपैकी ही एक. कारवारकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांना शहरात धड जागा मिळत नव्हती. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यांना एकत्र आणले, १९१२ च्या सहकारी कायद्याखाली संस्था केली, आणि संस्थाच घरमालक, सभासदच भाडेकरू अशी व्यवस्था बसवली. त्या लोकांनी सभा कशा भरवल्या असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हते, लिफ्टही बहुधा नसेल, त्यामुळे आमच्यापेक्षा भांडायला विषय कमी. पण माणसे येत असणार. त्यांना खोली हवी होती. आपल्याला खोली मिळाली आहे, तिच्यासोबत जे शेअर सर्टिफिकेट आले ते मात्र आपण कुलूपबंद करून ठेवले आहे. प्रत्येकी पन्नास रुपयांचे दहा शेअर, एकूण पाचशे रुपये. त्या पाचशे रुपयांत आपण या इमारतीचे मालक असून समितीला जाब विचारू शकता, पुस्तके तपासू शकता, मला काढूही शकता. एका वेळच्या पिझ्झ्याच्या किमतीत एवढे अधिकार हल्ली कुठे मिळत नाहीत.

शेवटी एक कामाची सूचना. समितीची पाच वर्षांची मुदत संपत आली असून निवडणूक जाहीर झाली आहे. महिलांच्या राखीव जागाही रिकाम्या आहेत. गेल्या खेपेस मी बिनविरोध निवडून आलो, कारण अर्ज भरायच्या दिवशी मीच एकटा घरी होतो. यंदा पुरेसे अर्ज आले नाहीत, तर उपनिबंधक कार्यालय प्रशासक नेमू शकते. प्रशासकाला मानधन द्यावे लागते, आणि ते मेंटेनन्समधून जाईल. तो आपल्याला ओळखत नसल्याने ग्रुपवरचे फूलही पाहणार नाही.

आपली अडचण होऊ नये म्हणून प्रत्येक गैरहजर सभासदाच्या नावाचा एकेक अर्ज भरून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आहे. सूचक मी, अनुमोदक बी विंगमधले काका. फ्लॅट क्रमांक, वय, सगळे लिहिले आहे, वय चुकले असल्यास दुरुस्त करावे. सही तेवढी आपली हवी. पेन दोरीला बांधले आहे.

आपला नम्र,
मानद सचिव

ता. क. लिफ्टमध्ये अडकला असाल तर लाल बटण दाबू नये, ते चालत नाही. वॉचमनला फोन करावा. तो येईपर्यंत अर्जावरची सही मोबाइलवर सराव म्हणून करून पाहता येईल.