मंद टेप ड्राइव्ह : लक्षणे, निदान, उपचार

टेप ड्राइव्हचा वेग मंदावणे ही सर्व्हर रूममधली जुनी व्याधी असून तिच्यावरचे उपचार बहुधा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी या पद्धतीने केले जातात. बॅकअप रेंगाळला की पहिला आळ ड्राइव्हवर येतो, कारण सगळ्या साखळीत आवाज करणारा तोच एक असतो. डिस्क, केबल, स्विच आणि सॉफ्टवेअर हे चौघे गप्प बसतात आणि म्हणून सज्जन ठरतात. प्रत्यक्षात ड्राइव्ह बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याला लिहायला वेळेवर डेटा मिळत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आजच्या काळात टेप कशाला, असे विचारणारा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो. फेब्रुवारी २०११मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतली पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. कपाटात कुलूपबंद असलेल्या टेपपर्यंत व्हायरसही पोचत नाही. पोचत नाहीत ती माणसेसुद्धा, कारण चावी सुट्टीवर गेलेल्या गृहस्थांच्या खिशात असते. पण तो वेगळा विषय आहे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे खोक्यावरच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे. सध्या सर्वत्र चालणारी एलटीओ ही पद्धत एचपी, आयबीएम आणि सीगेट या तीन कंपन्यांनी मिळून आणली, आणि २०००पासून तिच्या पिढ्या निघत आहेत. त्यातली २०१२ची सहावी पिढी अजून बऱ्याच ठिकाणी नोकरीत आहे. तिच्या टेपच्या वेष्टनावर ६.२५ टेराबाइट हा आकडा ठळक असतो आणि ड्राइव्हच्या माहितीपत्रकात सेकंदाला ४०० मेगाबाइट. खरे आकडे २.५ टेराबाइट आणि १६० मेगाबाइट. वरचे सगळे, डेटा दाबून अडीच पटीने लहान होईल या आशेवर छापलेले असते. फोटो, व्हिडिओ आणि झिप फाइली आधीच दबलेल्या असतात, आणि एन्क्रिप्ट केलेल्या मुळातच न दबणाऱ्या. त्या आणखी दबायला तयार नसतात. खरेदीच्या कागदावर सही केलेल्या साहेबांना मात्र मोठाच आकडा पाठ असतो. खऱ्या हिशेबाने एक टेप भरायला सुमारे ४ तास २० मिनिटे लागतात. याहून लवकर होत नाही ही तक्रार असेल, तर औषध साहेबांना द्यावे लागते, ड्राइव्हला नाही.

आता आतली यंत्रणा. या कार्ट्रिजमध्ये अर्धा इंच रुंद आणि ८४६ मीटर लांब टेप असते. लिहिणारे हेड एका वेळी १६ ट्रॅक लिहिते, त्यामुळे टेप पूर्ण भरायला तिला या टोकाकडून त्या टोकाकडे १३६ फेऱ्या माराव्या लागतात. सगळे अंतर जमेस धरले तर ११५ किलोमीटर होते. म्हणजे मुंबईहून निघालेली टेप लोणावळा मागे टाकून पुढे गेलेली असते. एवढी धाव एका लयीत झाली तर उत्तम. पण ड्राइव्हच्या बफरमधला डेटा मध्येच संपला, तर टेप जागच्या जागी थांबू शकत नाही. ती पुढे घरंगळते, थांबते, मागे येते, सोडलेली जागा शोधते, पुन्हा वेग घेते आणि चार घास लिहिते न लिहिते तोच बफर पुन्हा रिकामा. बुटावर फिरणाऱ्या पॉलिशच्या फडक्यासारखी ही ये-जा दिसते, म्हणून जाणकार तिला शू-शायनिंग म्हणतात. यात वेग तर जातोच, शिवाय टेप आणि हेड दोन्ही झिजतात.

हे ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही, कान लागतात. तब्येत ठीक असलेला ड्राइव्ह एकाच सुरात घुमत असतो. आजारी ड्राइव्ह घर्रर्र, मग शांतता, मग उलटे घर्रर्र, पुन्हा शांतता, असा कण्हतो. अडचण एवढीच की सर्व्हर रूममध्ये एसीच्या आवाजात स्वतःचा फोनही ऐकू येत नाही, तेव्हा कान ड्राइव्हला टेकवावा लागतो. त्या अवस्थेत कोणी आत आले तर खुलासा देत बसू नये.

नव्या ड्राइव्हमध्ये थोडी समजूतदारी असते. डेटा हळू आला तर तेही टेपचा वेग कमी करतात. पण या समजूतदारीलाही तळ आहे: सहाव्या पिढीत तो सेकंदाला साधारण ५० मेगाबाइटच्या आसपास येतो. त्याखाली गेले की घर्रर्र सुरू.

मग डेटा अडतो कुठे? पहिला संशयित मूळ डिस्क, आणि तिच्यावरच्या लहान लहान फाइली. एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर कर्जप्रकरणांसाठी स्कॅन केलेले सातबारे, आधार कार्डे आणि जामीनदारांचे फोटो लाखांनी पडलेले असतात, एकेक फाइल वीस-तीस किलोबाइटची. ७२०० फेऱ्यांची साधी डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरेक वेळा वाचू शकते. शंभर फाइली, प्रत्येकी वीस किलोबाइट, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबाइट. ज्याला किमान ५० हवेत त्याच्या पानात दोन वाढायचे आणि वर तो जेवत नाही म्हणून डॉक्टर बोलवायचा, असा हा न्याय आहे. त्यातच अँटिव्हायरस प्रत्येक सातबारा उघडून तपासतो. त्यात व्हायरस सापडत नाही, पण वेळ जातो. बॅकअपच्या प्रोग्रामला अँटिव्हायरसमधून सूट दिली तर पुष्कळदा तिथेच रोग निम्मा होतो.

संशयित वेगवेगळे करून तपासावेत. आधी टेपला हातही न लावता नुसती डिस्क किती वेगाने वाचली जाते ते पाहावे, मग डिस्कला बाजूला ठेवून नुसत्या टेपवर लिहून पाहावे. दोन्ही चाचण्यांत एकेक खड्डा आहे. लिनक्सवर वाचनाचा वेग मोजण्यासाठी लोक टार या आज्ञेने सगळी फोल्डरे डेव्ह-नल या शून्य खात्यात ढकलतात. जीएनयू टार हुशार आहे. माल कचऱ्यातच जाणार हे ओळखून तो फाइली वाचतच नाही, फक्त नावे मोजून क्षणात मोकळा होतो. मोजणारा खूश होतो आणि दोष ड्राइव्हच्या माथी मारून घरी जातो. उलट टेपवर लिहिण्याच्या चाचणीत बहुतेक जण नुसती शून्ये लिहितात. शून्ये दाबली की त्यांचे जवळपास काहीच उरत नाही, त्यामुळे वेग खोक्यावरच्या आकड्यालाही लाजवतो. टारचे उत्तर मधल्या एखाद्या पाइपमधून घ्यावे आणि टेपवर आधीच दबलेला डेटा लिहावा, म्हणजे दोघेही खरे बोलतात.

दुसरा संशयित नेटवर्क. गिगाबिट जोडणीतून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात. ड्राइव्हचे पोट भरत नाही, पण तो कण्हतही नाही. खरी गंमत जोडणी १०० मेगाबिटवर घसरली की होते. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. उंदराने एखादी तार कुरतडली तरी बरीचशी उपकरणे गपचूप खालच्या वेगावर उतरतात, ईमेल येत-जात राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. आता सेकंदाला मिळतात १२ मेगाबाइट. अडीच टेराबाइटला लागतात सुमारे ५८ तास. शुक्रवारी रात्री ९ वाजता लावलेला बॅकअप सोमवारी सकाळी ७ वाजता संपतो, आणि एखाद्या वर्षी डेटा थोडा वाढला की अकाउंट्सची मंडळी कामावर येतात तरी तो चालूच असतो. बऱ्याच स्विचवर या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी दिसतो. तो पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून सहसा कोणी पाहत नाही.

बाकीची कारणे भराभर सांगता येतील. ब्लॉक साइज ६४ किलोबाइटवर असेल तर २५६ करून पाहावी. मात्र जुन्या टेप वाचता येतात की नाही हे त्याच दिवशी तपासावे. टेप ड्राइव्ह आणि डिस्क एकाच कार्डावर दाटीवाटीने बसवले असतील तर ड्राइव्हला स्वतंत्र कार्ड द्यावे. बॅकअपनंतर पडताळणीचा पर्याय चालू असेल तर टेप पुन्हा पहिल्यापासून वाचली जाते आणि वेळ जवळपास दुप्पट होतो. तो वेळ सत्कारणी लागलेला असतो, तेव्हा हा पर्याय बंद करून वेग वाढवल्याचे श्रेय कोणी घेऊ नये. रात्री ११ वाजता बॅकअप, डेटाबेसची डागडुजी आणि अँटिव्हायरसची साप्ताहिक तपासणी एकदम सुरू होत असतील, तर हा सल्ला वाचण्याआधी शेड्यूल वाचावे.

लहान फाइलींवर हमखास इलाज म्हणजे बॅकअप आधी दुसऱ्या डिस्कवर एका मोठ्या फाइलीत घ्यायचा आणि तिथून टेपवर सोडायचा. त्यासाठी डिस्क विकत घ्यावी लागते. मंजुरी येईपर्यंत एमबफरसारखे साधन सर्व्हरच्या मेमरीत डेटाचा मोठा साठा करून मगच टेपला देते. ड्राइव्ह थांबतो, पण क्षणोक्षणी नाही.

एवढे सगळे करूनही घर्रर्र थांबले नाही, तर आरोपीकडे वळावे. ड्राइव्ह लिहितानाच लिहिलेले वाचून पाहतो, आणि चुकले तर तोच मजकूर पुढे पुन्हा लिहितो. हेड मळले किंवा टेप म्हातारी झाली की ही पुनरुक्ती वाढते, वेग घटतो आणि टेपवर मावणारा डेटाही. टेप बदलून पाहावी. ड्राइव्हने मागितली की क्लीनिंग कार्ट्रिज द्यावी, नुसत्या श्रद्धेने रोज देऊ नये; ती साधारण ५० वेळा चालते आणि मग टाकून द्यायची असते. वेंडरच्या इंजिनियरला बोलवायची वेळ यानंतर येते. तो पहिल्यांदा ड्राइव्हचा लॉग मागतो, म्हणून तो काढून ठेवावा. त्याने ड्राइव्ह बदलून दिलाच, तर जुना ड्राइव्ह त्याच्या बॅगेत जाण्यापूर्वी आतली टेप काढून घ्यावी. मागच्या आठवड्याचा बॅकअप त्याच टेपवर असतो.