वीतभर हात आणि हातभर सूर

मी मूळचा पेटीवाला. पेटीवाल्याच्या डाव्या हाताचं शिक्षण भात्यापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. भजनी मंडळात असो वा नाट्यसंगीताच्या मैफलीत, या हातानं उभं आयुष्य नुसता वारा घातला. निवृत्तीनंतर त्याच हाताला मी पियानोवर रशियन संगीतकार राखमानिनोव्ह वाजवायला बसवलं.

त्यातही निवड केली ती त्याच्या दुसऱ्या कन्चर्टोची, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची. कारण साधं होतं. सुरुवातीला आठ बार वाद्यवृंद गप्प असतो, पियानो एकटाच, आणि लय संथ. पेटीवाल्याला संथ म्हणजे सोपं वाटतं.

पहिल्याच कॉर्डला गाडी अडली. डाव्या हातानं पांढरी चारचा सा आणि वरच्या सप्तकातला कोमल गंधार एकाच वेळी दाबायचा. पियानोचं सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं. त्यापुढं हा गंधार, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर. माझी वीत फूटपट्टीवर भरली अठरा, तीही बायकोनं करंगळी ओढून धरल्यावर. राखमानिनोव्हचं काय जातंय? माणूस सहा फुटांहून बराच उंच, आणि डावा हात सापासून थेट वरच्या पंचमापर्यंत पोचणारा. स्वतःच्या मापाचे कपडे शिवून त्यानं जगाला घालायला दिले.

मग मी हात वाढवायला घेतला. टीव्ही बघताना अंगठा आणि करंगळी सोफ्याच्या दांड्यावर ताणून बसायचो. बोटांच्या बेचक्यांत बाटलीची बुचं अडकवली. संगीतकार शूमाननं बोटांच्या कसरतीपायी उजवा हात निकामी करून घेतला असं सांगतात, हे मला ठाऊक होतं. पण तो उजवा, माझा डावा, असा युक्तिवाद मी घरात केला. पहिल्या सिम्फनीच्या अपयशानं खचलेल्या राखमानिनोव्हला डॉ. डाल यांनी संमोहनोपचारांनी उभं केलं, आणि हा कन्चर्टो त्यानं त्यांनाच अर्पण केला. त्याच कन्चर्टोनं मला हाडांच्या डॉक्टरकडं पोचवलं. त्यांना अर्पण करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. त्यांनी तपासणीची फी घेतली.

शेवटी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘‘काका, हात आता वाढायचा नाही. कॉर्ड मोडा.’’

मोडून वाजवणं यात कमीपणा नाही, हे तेव्हा कळलं. याच सुरुवातीच्या कॉर्ड भलेभले वादक खालून वर, एकामागून एक सूर सोडत वाजवतात. स्पेनची आलिसिया द लारोचा पाच फुटांपेक्षाही बुटकी, पण राखमानिनोव्हचा तिसरा कन्चर्टो वाजवायची. तो ज्याला अर्पण केलेला, त्या पियानोवादक योझेफ हॉफमननं मात्र तो मैफलीत कधीच वाजवला नाही. हॉफमनचे हात लहान. त्याच्यासाठी स्टाइनवे कंपनीनं किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. मी आमच्या दुकानदाराकडं तशी चौकशी केली. त्यानं मला लहान मुलांचं खेळणं दाखवलं.

मॅडमनी तीन वाटा दाखवल्या. वरचा गंधार उजव्या अंगठ्याला द्यायचा. पण उजवा हात आधीच भरलेला. मधला एखादा सूर गाळायचा. मी तो गाळला, तरी करंगळी होती तिथंच राहिली, कारण अडचण दोन टोकांची होती. तिसरी वाट पेडलची. खालचा सा आधी वाजवायचा, पेडल दाबून तो घुमत ठेवायचा, आणि तेवढ्यात हात उचलून वरचे सूर गाठायचे. ही युक्ती मला जमली. इतकी जमली की सोसायटीच्या कोजागिरीला मी स्वतःहून नाव दिलं.

गच्चीवर डिजिटल पियानो चढवला. दुधाचं पातेलं उकळत होतं, मी सुरुवात केली. सा लागला, हात उडाला, गंधार लागला, आणि सा गायब. पुन्हा तेच. पाहतो तर पाय ताल देत होता. पेटीवर जन्मभर ठोकलेला केरवा तो इमानानं पेडलवर ठोकत होता, आणि राखून ठेवलेला प्रत्येक खर्ज सोडून देत होता. पायाला थांबवलं की हात थांबायचा. हाताला चालवलं की पाय.

आठ बार कसेबसे संपले. पुढं वाद्यवृंद सुरू होतो. आमच्याकडं वाट्या वाजायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘‘घड्याळाचे टोले हुबेहूब काढलेत हो!’’ या कॉर्डना जाणकार घंटानादच म्हणतात, त्यामुळं मी हे कौतुक मनापासून स्वीकारलं. पण त्यांच्या यजमानांनी लगेच सुचवलं, ‘‘सूर जुळवून झाले असतील तर आता ‘भैरवी’ होऊ दे.’’

मी ती पेटीवर वाजवली. दाद मिळाली, दुधाचा दुसरा पेलाही मिळाला.

तेव्हा पेटीवरून पियानोकडं वळू पाहणाऱ्यांनो, हाताची वीत मोजत बसू नका. सूर मोडता येतात, गाळता येतात, दुसऱ्या हाताला देता येतात. आधी पायाचा बंदोबस्त करा.