भाड्याने देणे आहे (फक्त शाकाहारींना)

(सोलापुरातल्या जुन्या पेठेतलं दुमजली घर. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. खाली घरमालक आणि होऊ घातलेला भाडेकरू बसले आहेत, मधे चहा आणि खारी. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. उरलाय तो फक्त स्वयंपाक.)

घरमालक : आडनाव सांगितलंत ते बरं केलंत, पण त्यावरून नीट अंदाज येईना. म्हणून स्पष्टच विचारतो. खाता का?

भाडेकरू : रोज दोन वेळा, मालक.

घरमालक : तसं नव्हे ओ. ‘ते’ खाता का?

भाडेकरू : रविवारी मटण असतं. एकादशीला मात्र उपवास.

घरमालक : मग अवघड आहे. आमच्याकडे आपल्या मातीतलं आणि आपल्या धर्मात बसणारं तेवढंच शिजतं.

भाडेकरू : मातीचं म्हणाल तर आपली शेंगाचटणीच घ्या. त्यातली शेंग मूळची दक्षिण अमेरिकेतली, मिरचीही पलीकडचीच, पोर्तुगीज आले त्या काळात इकडे पोचलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच. पण ज्वारीचं मूळ आफ्रिकेत. ती काही हजार वर्षं आधी आली म्हणून तिला कोणी पासपोर्ट विचारत नाही, एवढंच. धर्माचं म्हणाल तर पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथली एकादशी बघा. त्या दिवशी ज्वारी चालत नाही, गहू चालत नाही. चालतं काय, तर साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची. सगळी मंडळी अमेरिकेतून आलेली. भगर तेवढी बिचारी इथली. पूर्वी माणसानं समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त, आणि समुद्र ओलांडून आलेल्या बटाट्याला उपवासाचा मान! तोच बटाटा शेजारच्या जैन घरात जमिनीखाली वाढतो म्हणून वर्ज्य. दोन्ही घरांनी एकाच गाड्यावरून भाजी घेतली तरी बटाटा एका दारात पवित्र आणि दुसऱ्या दारात निषिद्ध. म्हणजे नियम बटाट्यात नाही, दारात आहे.

घरमालक : बटाट्याचं सोडा. मटणाचा नुसता वास आला तरी आमच्या घरात पोटात ढवळतं. ते काय कोणी शिकवलंय?

भाडेकरू : ढवळतं हे खरंच, ते मी खोटं म्हणत नाही. पण शिकवलेलंच असतं. रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. छी म्हणायला त्याला आपण लावतो. हिंगाचा डबा पहिल्यांदा उघडणाऱ्या परदेशी माणसाचं तोंड बघा. मध म्हणजे माशीनं पोटात घालून पुन्हा बाहेर काढलेला रस, आणि तो आपण पंचामृतात घालून देवाला देतो. गोव्याच्या सारस्वत ब्राह्मणाला मासा चालतो, बंगाली ब्राह्मणालाही चालतो, पुण्याच्या ब्राह्मणाला चालत नाही. नाकं तिघांची सारखीच. फ्रान्समध्ये घोड्याचं मांस विकतात, शेजारच्या इंग्लंडात त्या नुसत्या कल्पनेनं लोक हादरतात. ओडिशातल्या मयूरभंजची लाल मुंग्यांची चटणी आहे ना, तिला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. हो, आपल्या ज्वारीला मिळालंय तेच! आणि आता हा चहा.

घरमालक : चहाला काय झालं? (कप खाली ठेवतो.)

भाडेकरू : काही नाही, घ्या. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, रानडे होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि मोठं ग्रामण्य झालं, म्हणजे बहिष्काराचा वाद उभा राहिला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आता चहा पुण्याला माहीत नव्हता असं नाही. तो मिशनऱ्यांच्या घरचा होता, ही अडचण. आज तीच बिस्किटं बुडवल्याशिवाय आपली सकाळ होत नाही. सव्वाशे वर्षांत चहात काय बदल झाला? पाणी, साखर, पत्ती तीच. बदलला तो कप कोणाच्या हातचा, याचा हिशेब.

घरमालक : ते झालं विटाळाचं. आमचं तसं नाही. आमचा मुद्दा जीवहत्येचा. आणि हे सिद्धरामेश्वरांचं गाव आहे, विसरू नका.

भाडेकरू : या मुद्द्यापुढे मी हात जोडतो. जीव घ्यायचा नाही म्हणून जो स्वतःच्या ताटातलं सोडतो, त्याच्याशी वाद कशाला? पण सिद्धरामेश्वरांसारख्या शरणांनी मांस सोडलं आणि दासोहाच्या पंगतीला जातही सोडली. आपण त्यातलं पहिलं उचललं आणि दुसरं सोयीनं विसरलो. करुणा हाच निकष असता तर तुम्ही मला आधी आहार विचारला असता. तुम्ही आधी आडनाव विचारलंत. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ज्यांच्यावर गावानं मेलेली ढोरं ओढायची सक्ती केली, त्यांनाच ते खाता म्हणून नावं ठेवायची, असा तो व्यवहार होता. लोकांनी खाणं सोडलं. मग गावच्या पंगतीत त्यांचं पान मांडलं गेलं का? शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचा. त्यात शेजारच्या धाराशिवकडचीच दलितांची स्वयंपाकघरं आहेत, वाळवलेल्या मांसाच्या चान्या आणि रक्तीसकट. आधी माणूस पंगतीबाहेर ठेवला, त्याचं ताट त्याच्या मागोमाग बाहेर गेलं.

घरमालक : काय बोलायलाव ओ! आमचा मुलगासुद्धा खातो की. पण बाहेर. घरात नाही.

भाडेकरू : बघा! म्हणजे पोट तेच, जीभ तीच, बोकडही तोच. फरक फक्त उंबऱ्याचा.

घरमालक : बरं, ज्यानं त्यानं आपल्या घरात आपलं चालवावं, एवढं तर मान्य कराल? घर माझं आहे.

भाडेकरू : मान्य. पण गावातल्या प्रत्येक घरमालकाचं घर त्याचंच असतं. सगळ्यांनी ही पाटी लावली तर माझ्यासारख्यानं राहायचं कुठं, हे शेवटी आडनावच ठरवणार. त्याला खासगी आवड कसं म्हणायचं?

घरमालक : (बराच वेळ गप्प. मग खुर्ची पुढे ओढून, हळू आवाजात) हे बघा, मी वादात कच्चा आहे. खरं सांगू का? आपल्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. मटणाची भांडी तेलकट. ती घासायला पाणी लागतं दुप्पट.

भाडेकरू : (पहिल्यांदाच गंभीर होऊन) या कारणावर माझ्याकडे उत्तर नाही. टाकी केवढी आहे?

घरमालक : हजार लिटर. दोन्ही मजल्यांत मिळून.

भाडेकरू : मग मटण पातेल्यात नको, कुकरमध्येच करतो. भांडं एकच निघेल.

घरमालक : आणि रविवारी पाणी आलं नसेल तर?

भाडेकरू : तर पिठलं.